लाँचीच्या चतुःसीमा

करंजवाडीच्या हैबतराव ढमाल्यांना आयुष्यात एकच कला पुरती साधली होती, ती म्हणजे दुसऱ्याने सही कुठे करायची हे दाखवणे. कागद कितीही पानांचा असो, ते नेमकी फुली मारलेली जागा काढत, तिच्याखाली अंगठ्याचं नख ठेवत आणि म्हणत, "हितं. आन् हितं. आन् माघारच्या पानावर." समोरच्याने वाचायला चष्मा काढलाच, तर हैबतरावांचा चेहरा असा उतरे की चष्मा काढणाऱ्यालाच लाज वाटावी. "आपल्या माणसावर भरवसा न्हाई का?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते स्वतःही कागद वाचत नसत, हे मात्र खरं. चारचौघांत चष्मा लावला की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत होतं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्यांना म्हातारं दिसायची घाई नव्हती.

करंजवाडी मुळशीच्या तलावाला लागून, ताम्हिणीकडे जाणाऱ्या वाटेवर. उंबरे साठ. त्यातले निम्मे आता पुण्याच्या लोकांचे, शनिवारी उघडणारे आणि रविवारी दुपारी कुलूप लागणारे. त्यातल्या चार बंगल्यांखाली हैबतरावांची जमीन आहे. होती म्हणा. ती विकायची वेळ आली तेव्हा कायद्याने निम्मा वाटा त्यांच्या एकुलत्या बहिणीचा निघाला. शुभांगी उरवड्यात दिलेली, नवरा कारखान्यात कामाला. हैबतराव तिच्याकडे एक साडी घेऊन गेले आणि हक्कसोडपत्र घेऊन आले. नऊ वर्षं झाली त्याला. शुभांगीने चष्मा काढला होता, हैबतरावांचा चेहरा उतरला होता, शुभांगीने चष्मा परत ठेवला होता.

यात हैबतरावांनी काही नवं केलं असं समजू नका. जमिनींना भाव आल्यापासून मुळशीत ही रीतच पडली आहे. पौडातल्या साडीच्या दुकानांत आता तीन प्रकारच्या साड्या मिळतात: बस्त्याची, ओटीची आणि सहीची. सहीची साडी ओटीच्या साडीपेक्षा भारी असते, कारण बहिणीला बरं वाटलं पाहिजे, आणि बस्त्याच्या साडीपेक्षा हलकी असते, कारण बहिणीला संशय येता कामा नये. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघूनच त्या फडताळाकडे वळतो. तो बिचारा काही विचारत नाही.

जमिनीचे पैसे आले तसे गेले. एक जीप आली आणि गेली. ग्रामपंचायतीची एक निवडणूक आली आणि अकरा मतांनी गेली. उरली ती एक जुनी सोळा माणसांची लाँच, निळ्या ताडपत्रीच्या छताची. तिने मात्र हैबतरावांना पुन्हा माणसात आणलं. अलिबागच्या किनाऱ्यावर मिळते तसली पांढरी, सोनेरी नांगराची टोपी त्यांनी घेतली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि ते कॅप्टन झाले. शनिवार-रविवारी पर्यटक आले की लाँचीच्या पुढच्या टोकावर एक पाय ठेवून उभे राहत आणि पाण्याकडे हात करून सांगत, "हितं खाली आमच्या आज्याचं खळं हाय. आमच्याच रानावरनं लाँच चालतीया." हे खळं पर्यटकांच्या उत्साहाप्रमाणे जागा बदलायचं. मंडळी हौशी असली तर तीनदा लागायचं.

लाँच चालवायच्या मात्र तुळजाबाई, हैबतरावांची बायको. त्यांचं माहेर तलावाच्या पलीकडच्या अंगाला, बाप होडी वल्हवणारा. पाण्याखाली बुडालेल्या गावाच्या भिंती कुठे आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांची खोडं कुठे वर येतात, हे त्यांना स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ. इंजिन त्यांच्याच हाताने सुरू व्हायचं. हैबतरावांनी दोरी ओढली की ते खोकायचं, आणि मग हैबतराव म्हणायचे, "आज त्याला ताप हाय." लाँचीचा मागचा भाग थोडा झिरपायचा. तिथे एक जुना डालड्याचा डबा ठेवलेला असे. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात डबा, अशा तुळजाबाई पाणी उपसत उपसत लाँच चालवायच्या आणि पुढे कॅप्टन शिट्टी वाजवायचे. पर्यटक फोटो कॅप्टनचा काढायचे.

सोमवार ते शुक्रवार कॅप्टन घरी असत, कारण त्या दिवसांत पर्यटक नसत. त्या दिवसांत तुळजाबाई एकट्या पलीकडच्या वाड्यांची माणसं आणायच्या-न्यायच्या. त्या वाड्यांना दुसरी वाट म्हणजे अर्ध्या दिवसाचा वळसा. दूध, दळण, बाळंतीण, सगळं त्याच लाँचीतून. ते काम हैबतरावांच्या हिशेबी 'फुटकळ' होतं.

यंदा दिवाळीनंतर तलावावर लाँची चालवायला परवाने देणाऱ्या समितीने नवा नियम काढला. मोठ्या धक्क्यावर सहाच लाँची, आणि ज्या लाँचीच्या नोंदणीवर मालक किंवा निम्मी मालक म्हणून बाई असेल तिला पहिला मान. हैबतरावांनी नियम ऐकला आणि त्यांच्या पोटात एकाच वेळी गुदगुल्या झाल्या आणि गोळाही आला.

गुदगुल्या अशासाठी की उरवड्याचा एक कारखानदार त्यांची लाँच विकत मागत होता. तलावाकाठी त्याचं फार्महाऊस होतं, पाहुण्यांना फिरवायला लाँच हवी होती. पण तो म्हणाला होता, "परवान्यासकट असेल तर घेतो. ड्रायव्हर माझा." त्याचा माणूस येऊन टेपने लाँच मोजूनही गेला होता. तेव्हा तुळजाबाई इंजिनाशी बसलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यो कसलं माप घेतुया?"

"ताडपत्री शिवायची हाय," हैबतराव म्हणाले.

तुळजाबाईंनी टेपकडे पाहिलं. माणूस लाँचीचा तळ मोजत होता.

आणि गोळा अशासाठी, की निम्मी मालकी बायकोला दिली तर विकताना तिची सही लागणार. दुसऱ्याकडून सह्या घेण्यात ज्याची हयात गेली, त्याला सहीचं मोल बरोब्बर कळतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. रात्रंदिवस कष्टणाऱ्या बायकोवर हैबतरावांचा विश्वास नव्हता असं नाही. विश्वास होता म्हणून तर भीती होती. तिला कुणी विचारलं असतं तर तिने लाँच विकली नसती, याची त्यांना पुरेपूर खात्री होती.

मग त्यांनी दोन कागदांचा बेत केला. पहिल्या कागदाने बायकोला निम्मी मालकी द्यायची, परवाना मिळवायचा. दुसऱ्या कागदाने तीच निम्मी मालकी तिच्याकडून परत लिहून घ्यायची आणि कपाटात ठेवायची. पहिला कागद गावाला दाखवायचा, दुसरा कारखानदाराला. स्वतःच्या या हुशारीवर ते इतके खूष झाले की त्या दिवशी इंजिनाची दोरीही ओढून बघितली. इंजिनाला ताप होताच.

पण कागद करायचा कुठे? आधी ते तलाठ्याकडे गेले आणि लाँचीचा सातबारा मागितला. तलाठी तरुण होता. तो म्हणाला, "आबा, सातबारा जमिनीला असतो."

"आन् पाण्याला?"

"पाण्याला नसतो."

"मंग लाँच कशावर हाय ते लिवायचं कुटं?"

तलाठ्याने त्यांना नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला आणि उठून चहाला गेला. हैबतरावांना अर्थातच हा माणूस अडाणी वाटला. ते तडक पौडला निरंजनकडे आले.

निरंजन म्हणजे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहिणारा गृहस्थ, मुळशीतल्या निम्म्या भाऊबंदकीचा कारागीर. शुभांगीचं हक्कसोडपत्रही त्याचंच. पहिल्या कागदाचं तो म्हणाला, "त्याला माझी गरज नाही. कार्यालयाचा छापील अर्ज असतो, दोघं जाऊन सह्या करा." दुसरा कागद ऐकून त्याने हैबतरावांकडे जरा वेळ पाहिलं, मग संगणकावर जुनं हक्कसोडपत्र उघडलं. तीस वर्षांत त्याने जमिनीखेरीज दुसरं काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे जमिनीचंच पत्र लाँचीच्या अंगावर घालायला बसला.

"मिळकतीचं वर्णन लिहिलं. आता चतुःसीमा सांगा."

"लाँचीला कसल्या सीमा?"

"चतुःसीमेशिवाय मी आजवर दस्त दिलेला नाही, हैबतराव. पूर्वेस काय?"

"पाणी."

"पश्चिमेस?"

"पाणीच की."

"दक्षिणेस?"

"पाणी. उत्तरेला धक्का. पर लाँच फिरली की धक्का दक्षिणेला जातुया."

"उभी असताना धरू," तो म्हणाला आणि टंकू लागला. खाली नेहमीची ओळ होतीच: सदर मिळकत, तीतील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ती त्याने तशीच ठेवली. लाँच मागून झिरपत असल्याने त्यातलं जल तरी खरं होतं.

"आता लिहून देणार. वहिनींचं आधारवरचं पूर्ण नाव?"

हैबतराव थांबले. तुळजाबाई. पण आधारवर तुळजा, की तुळजाबाई, की माहेरचं काही? पस्तीस वर्षं त्यांनी बायकोला 'अगं' अशी हाक मारली होती आणि त्यावर संसार व्यवस्थित चालला होता.

"वय?" निरंजनने विचारलं.

"आसंल की पन्नास... बावन्न. लिवा काय बी."

"काहीबाही लिहिलं तर दस्त टिकत नाही." निरंजनने सुस्कारा टाकला. "नावं, वयं आणि नातं, एवढ्या जागा मोकळ्या ठेवतो. लिहून देणारच्या पुढे वहिनींचं, लिहून घेणारच्या पुढे तुमचं. घरी आधार बघून नीट भरा. सह्या खाली. साक्षीदार दोन."

मुद्रांक हैबतरावांनी आपल्या नावाने घेतला. वाटेत साडीच्या दुकानात शिरले. दुकानदाराने त्यांचा चेहरा बघितला आणि तो त्या फडताळाकडे वळला.

सोमवारी नवरा-बायको जाऊन कार्यालयात पहिल्या अर्जावर सह्या करून आली. तिथल्या बाईंनी तुळजाबाईंना त्यांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. हैबतराव तेव्हा बाहेर चहा पीत होते. परत येताना एसटीत तुळजाबाईंनी विचारलं, "म्हंजी आता निम्मी लाँच माजी?"

"कागदावर," हैबतराव म्हणाले.

तुळजाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं, ते हैबतरावांनी हसू समजून सोडून दिलं. पौड येईपर्यंत तुळजाबाईंनी दोनदा पिशवीत हात घालून अर्जाची पोच चाचपली. लग्नातल्या मंगळसूत्रालाही त्यांनी कधी इतकं चाचपलं नव्हतं.

बुधवारी हैबतरावांनी साडी काढली.

दिवाळी होऊन महिना झालेला, संक्रांत लांब, घरात कुणाचं लग्न नाही. तुळजाबाई धक्क्यावरून आल्या होत्या, हाताला डिझेलचा वास होता. त्यांनी साडी हातात घेतली नाही. नुसती पाहिली. हिरवी, मोहरीच्या रंगाचे काठ. नऊ वर्षांपूर्वी नणंदेच्या पिशवीत घालायला अशीच एक साडी त्यांनी स्वतः घडी घालून दिली होती. त्या घरात हंगाम सोडून आलेली साडी कधी एकटी आली नव्हती.

"सही कुटं करायची?" त्यांनी विचारलं.

हैबतराव दचकले. इतकी तयार बायको असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "परवान्याचाच एक कागद हाय," त्यांनी घाईने सांगितलं, "लई काय न्हाई. मोकळ्या जागा हायेत तितं आधार बघून नाव, वय भर. तुजं आन् माजं. तुजं अक्षार बरं हाय. मंग हितं सही. आन् हितं."

"आज आवस हाय."

"काय?"

"आवस. आवशीला सही करत्यात व्हय? वन्संची सही तुमी मुहूर्त काढून घ्येतली हुती."

हे मात्र हैबतरावांना पटलं. अमावास्येला त्यांनी कधी नारळसुद्धा फोडला नव्हता, हक्कसोड कसं होणार? "बरं. भरून ठिव. आयतवारी परवान्याचा कारेक्रम हाय, त्याच्या आत कर म्हंजी झालं."

तुळजाबाईंनी कागद घडी न करता देवघरात ठेवला. साडी तिथेच बाजेवर पडून राहिली. हैबतरावांना जरा वाईट वाटलं. साडी चांगली होती. शिवाय आतून कुठेतरी त्यांना एक बारीक लाजही वाटली, पण ती त्यांनी फार वेळ राहू दिली नाही. बाईमाणसाने किती दिवस डिझेलात हात घालायचे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. लाँच गेली की तिला जरा विसावा. कारखानदाराच्या पाहुण्यांसाठी भाकरी थापायचं कामही मिळेल.

गुरुवारी तुळजाबाई माळवं आणायला म्हणून पौडला गेल्या. पौडहून शुभांगीचं उरवडं फार लांब नाही, हे हैबतरावांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचं सगळं ध्यान फ्लेक्सवर होतं.

फ्लेक्स बारा फुटी होता. मध्यभागी काळा चष्मा आणि नांगराची टोपी घातलेले हैबतराव, कमरेपर्यंत. वर ठळक अक्षरांत: 'नारीशक्तीला मालकीचा मान! पत्नीस निम्मी लाँच देणारे करंजवाडीचे पहिले सुपुत्र.' खालच्या कोपऱ्यात तुळजाबाईंचा फोटो होता, आधार कार्डावरचा, आधार कार्डावर असतो तेवढाच. त्याखाली 'सौ. तुळजाबाई' एवढंच छापलं होतं, कारण पुढचं छापखान्याने विचारलं तेव्हा आधार वाचायला हैबतरावांनी चष्मा लावला नव्हता.

रविवारी सकाळी धक्क्यावर अख्खं गाव जमलं. सहाही लाँचींना हार घातलेले. समितीच्या माणसाने परवाने वाटले. हैबतरावांनी आपला परवाना कपाळाला लावला आणि बोलावं म्हणून कुणी सांगायच्या आत बोलायला उभे राहिले.

"बाई ही घरची लक्षुमी आसती," ते म्हणाले. "लोक भाषणं करत्यात, आमी करून दावलं. आपल्या माणसावर भरवसा आसंल तर कागदाला भ्यायचं कारन न्हाई. आमी न वाचता सही केली." इथे त्यांनी थांबून टाळ्यांना जागा दिली. टाळ्या पडल्या. "मागितली आसती तर समदी लाँच दिली आसती. निम्मीचं काय घिऊन बसला."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ऐनवेळी घातलं. गर्दी दिसली की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे.

तेवढ्यात तुळजाबाई पुढे आल्या. हातात ताट होतं. ताटात टॉवेल, पांढरी टोपी आणि नारळ. त्यांच्या मागे शुभांगी. तिने नऊ वर्षांपूर्वीची हिरवी साडी नेसली होती. बहीण आलेली बघून हैबतरावांना आश्चर्य वाटलं, पण ताट दिसल्यावर बाकी सगळं मागे पडलं. आहेर हा माणूस कधी नाकारत नसे. पंचक्रोशीतल्या लग्नांत ते टॉवेल-टोपीसाठी मांडवात शेवटपर्यंत बसून राहत. त्यांच्या कपाटात एवढे टॉवेल होते की एक अंगावर आणि एक उशाला घेतला तरी सात पिढ्या पुसत बसल्या असत्या. त्यांनी नांगराची टोपी काढून कठड्यावर ठेवली, मान झुकवली, तुळजाबाईंनी खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, ओंजळीत नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांचे डोळे खरंच पाणावले. बायकोने आपला जाहीर मान केला, असं पस्तीस वर्षांत पहिल्यांदा झालं होतं.

"आता सही करा," तुळजाबाई म्हणाल्या.

"कसली?"

"आहेर घ्येतला न्हवं? मागनं सही आसती. तुमच्या घरची रीत हाय."

शुभांगीने पिशवीतून कागद काढला. मुद्रांक हैबतरावांनी लगेच ओळखला. त्यांना वाटलं, ही बया चारचौघांत हक्कसोड करून देतीय. गुपचूप करायचं ते जाहीर करून बसली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, घरी करू की. तुजी सही हाय त्याच्यावर."

"माजी झाली. लिहून घेणार म्हणून."

हैबतरावांना समजायला वेळ लागला. त्यांनी कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. अक्षरं हलत होती. गावासमोर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खिशातून चष्मा काढला.

मोकळ्या जागा भरल्या होत्या, वळणदार, शाळेतल्या अक्षरात. लिहून देणार: हैबतराव गेनू ढमाले, वय वर्षे अठ्ठावन्न. लिहून घेणार: तुळजाबाई हैबतराव ढमाले, वय वर्षे त्रेपन्न. नाते: पती-पत्नी. बाकी प्रत्येक शब्द निरंजनचा. लिहून देणार यांनी आपला सर्व हक्क स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडून दिला आहे.

"वाच की आबा," मागून कुणीतरी म्हणालं. आणि हैबतराव वाचत नाहीत असं बघून शुभांगीनेच त्यांच्या हातातून कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. चतुःसीमेपाशी आली तेव्हा लोक हसू लागले. 'उत्तरेस धक्का, लाँच उभी असताना' ला तर समितीचा माणूससुद्धा तोंडावर फाईल धरून हसला. मग कुणीतरी विचारलं, "पर ह्यो कागद केला कुणी?" आणि हसणं हळूहळू थांबलं, कारण मुद्रांकावर तो विकत घेणाऱ्याचं नाव छापलेलं होतं आणि ते शुभांगीने आधीच वाचलं होतं.

हैबतरावांना नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं तर सांगावं लागलं असतं की हा कागद मी बायकोची निम्मी लाँच लिहून घ्यायला आणला होता. दहा मिनिटांपूर्वी समदी लाँच दिली असती म्हणणाऱ्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगावं? फ्लेक्सवरचे बारा फुटी हैबतराव त्यांच्या डोक्यावर काळ्या चष्म्यातून बघत होते. कारखानदाराची आठवण झाली. लाजेने त्यांचे कान तापले. खरी लाज, दाबून न दबणारी.

"टावेल, टोपी आन् वर नारळ," तुळजाबाई म्हणाल्या. "वन्संना नुसती साडी दिली हुती. तुमाला जास्तीच हाय."

शुभांगीने पेन पुढे केलं. कागदाखाली दोन साक्षीदारांच्या जागा होत्या. पहिलीत तिची सही आधीच होती. तिने फुली मारलेल्या जागेखाली अंगठ्याचं नख ठेवलं.

"हितं, दादा," ती म्हणाली. मग त्यांच्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडे तिने बघितलं. "आपल्या माणसावर भरवसा न्हाई का?"

हैबतरावांनी सही केली. माघारच्या पानावरही केली.

लाँच पहिल्या फेरीला निघाली तेव्हा ती पर्यटकांनी भरली होती. तुळजाबाईंनी दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. हैबतराव सवयीने पुढच्या टोकाकडे निघाले. तिथे शुभांगी बसली होती. नांगराची टोपी धक्क्याच्या कठड्यावरच राहिली होती आणि परत जाऊन आणावी असं त्यांना वाटलं नाही.

"मागं या," तुळजाबाई म्हणाल्या. "पाणी चढलंय."

ते मागे गेले. पांढरी टोपी सांभाळत वाकले आणि डालड्याचा डबा उचलला. लाँच आल्यापासून त्यांनी तो पहिल्यांदा हातात धरला होता. एक डबा, दुसरा डबा. पाणी होतं त्यापेक्षा जास्त वाटत होतं, आणि कंबर लगेच बोलू लागली. ही बाई एका हाताने हे करत सुकाणू कसं धरत असेल, असं त्यांच्या मनात आलं. असा विचार त्यांनी आजवर कधी केला नव्हता.

पुण्याजवळच्या सूसच्या सोसायटीतून आलेली एक मुलगी त्यांचा फोटो काढत होती. "काका, ही लाँच कोणाची आहे?" तिने विचारलं.

हैबतरावांनी डबा रिकामा केला. आज्याच्या खळ्याबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"तुळजाबाई हैबतराव ढमाले," ते म्हणाले. "वय वर्षं त्रेपन्न."